गणपतीनंतर दोघांची स्वित्झर्लंड रेल्वेसफर: आठ मुक्काम की चार?

टिळकवाडी

नमस्कार मंडळी. अनंत चतुर्दशी झाली की सप्टेंबरच्या शेवटी मी आणि बायको, दोघंच, स्वित्झर्लंडला जायचं म्हणतोय. टूर कंपनी नको, भाड्याची गाडीही नको. डोंगर आणि तळ्याकाठची गावं रेल्वेनं बघायची, एवढंच मनात आहे. कागदावर मांडलेला बेत असा: झुरिक १ रात्र, लुझर्न १, इंटरलाकेन २, झरमॅट १, माँत्रो १, सेंट मॉरित्झ १, लुगानो १, परत झुरिक १. त्यात ग्लेशियर एक्स्प्रेस, बर्निना एक्स्प्रेस आणि गोल्डनपास या देखाव्यांसाठी प्रसिद्ध तिन्ही गाड्या बसवायच्या आहेत.

हे जमेल का? पास कुठला घ्यावा? व्हिसाला बेळगावहून कुठं जावं लागतं? बायको शाकाहारी आहे आणि गुडघ्यामुळं जिने टाळते. तेही धरून सांगा.

लोंढा जंक्शन

जमेल, पण नका करू. नऊ रात्रींत आठ हॉटेलं म्हणजे जवळजवळ रोज बॅग भरायची. तिकडं खोली साधारण अकराला सोडावी लागते आणि पुढची दुपारी तीनपर्यंत मिळत नाही. उजेडाचे सगळ्यात चांगले तास बॅगा सांभाळण्यात जातात. सप्टेंबरअखेर सातच्या सुमारास सूर्य मावळतो, हेही लक्षात घ्या.

चार मुक्काम करा: लुझर्न २, ब्रिएन्झ ३, माँत्रो २, कूर २. शेवटचं गाव पाटीवर सी-एच-यू-आर असं दिसेल, उच्चार कूर.

पहिला दिवस: झुरिक विमानतळाच्या खालीच रेल्वे स्टेशन आहे. तिथून लुझर्नला थेट गाडी, तास-सव्वा तास. या दिवसाचं तिकीट साधंच काढा. सवलतीचं तिकीट एका ठरावीक गाडीला बांधलेलं असतं, विमान उशिरा आलं की ते वाया जातं.

दुसरा दिवस रिगीचा. लुझर्न स्टेशनासमोरच धक्का आहे, तिथून बोटीनं फिट्झनाऊ. बोटीतून उतरलं की समोरच दातेरी रेल्वे, म्हणजे मधल्या दातेरी रुळात चाक अडकवून चढणारी गाडी, उभी असते. १८७१ सालची ही युरोपातली पहिली डोंगरी दातेरी रेल्वे, थेट १८०० मीटरच्या आसपास शिखराखाली नेते. बरेच जण उतरताना रोपवेनं वेगिसला यायला सांगतात. तुम्ही नका येऊ. तिथं रोपवेचं स्टेशन वर आहे आणि धक्क्यापर्यंत पंधरा-वीस मिनिटं उतार पायी उतरावा लागतो. गुडघ्याला चढापेक्षा उतार वाईट. आल्या वाटेनं फिट्झनाऊलाच उतरा.

तिसऱ्या दिवशी लुझर्न–इंटरलाकेन एक्स्प्रेस. दुसऱ्या वर्गात आरक्षणाची सक्ती नाही. लुझर्नहून निघताना उजवीकडं बसा. झारनेन आणि लुंगर्न ही दोन्ही तळी त्याच बाजूला येतात. मग १००२ मीटरची ब्रूनिग खिंड, तिथं गाडी दातेरी रुळावर चढते-उतरते. पुढं मायरिंगनला गाडीचं तोंड फिरतं, म्हणजे आली तशी उलट दिशेनं निघते. लोक घाबरून जागा बदलतात आणि तिथंच फसतात. तुम्ही हलू नका. तोंड फिरल्यामुळं तुमची उजवी खिडकी आता डावी झालेली असते आणि ब्रिएन्झचं तळं बरोबर डावीकडंच येतं.

ब्रिएन्झ का, इंटरलाकेन का नको? इंटरलाकेन दोन तळ्यांच्या मधल्या सपाटीवर आहे. स्टेशनाजवळच्या हॉटेलांतून पाणी दिसत नाही आणि गर्दी फार. ब्रिएन्झला स्टेशन, धक्का आणि तळ्याकाठचा रस्ता एकमेकांना लागून आहेत, सगळं सपाट. इंटरलाकेन ओस्ट (पूर्वेकडचं स्टेशन) गाडीनं वीसेक मिनिटांवर, बोटीनं सव्वा तासावर. एकदा तरी बोटीनंच जा, पासमध्ये येते. शरदात बोटींच्या फेऱ्या कमी होतात, म्हणून आदल्या रात्री वेळापत्रक बघून ठेवा.

लाउटरब्रुनेन या धबधब्याच्या गावाला जाताना एक सांभाळा. इंटरलाकेन ओस्टहून सुटणारी गाडी वाटेत त्स्वायल्युट्शिनेनला दुभंगते, अर्धे डबे लाउटरब्रुनेनला आणि अर्धे ग्रिंडेलवाल्डला. फलाट एकच असतो, डब्यावरची पाटी वाचूनच चढा. तिथला श्टाउबबाख धबधबा २९७ मीटरचा, उंचीला आपल्या दूधसागराच्या तोडीचा. पण पाण्याची धार बारीक असते आणि शरदात आणखी बारीक, तेव्हा पावसाळ्यातला दूधसागर डोळ्यांपुढं ठेवून जाऊ नका.

गणेशपूर

पासचं सांगतो. तुमच्या नव्या बेताला ८ दिवसांचा स्विस ट्रॅव्हल पास नेमका बसतो. पास दुसऱ्या दिवसापासून नवव्या दिवसापर्यंत घ्या. पहिल्या आणि शेवटच्या दिवशी एकेकच सरळ प्रवास आहे, त्यासाठी सुटी तिकिटं पुरतात. दुसऱ्या वर्गाचा ८ दिवसांचा पास माणशी चारशे फ्रँकच्या थोडा वर जातो. रिगीची रेल्वे आणि बोटी त्यात पूर्ण येतात, लाउटरब्रुनेन आणि वर म्यूरेनपर्यंतही पैसे लागत नाहीत. माँत्रोजवळचा शियाँ किल्लासुद्धा त्यातच आहे.

गैरसमज होतो तो इथं: पास असला म्हणजे जागा मिळाली असं नाही. बर्निना आणि ग्लेशियर एक्स्प्रेसचं आरक्षण सक्तीचं आहे आणि त्याचे पैसे वेगळे. बर्निनाचे माणशी तीसेक फ्रँक धरा, ग्लेशियरचे पन्नासच्या आसपास. युंगफ्राउयोखवर, म्हणजे ३४५४ मीटरवरच्या त्या स्टेशनला, पासवर फक्त २५ टक्के सूट आहे. मूळ भाडंच दोनशे फ्रँकच्या वर असतं. ते तिकीट घरून काढून ठेवू नका. त्या दिवशी सकाळी शिखरावरचा कॅमेरा बघा. ढग असेल तर पैसे वाचवून म्यूरेनला जा.

पास नावावर असतो. मोबाईलवर दाखवला तरी तपासनीस पासपोर्ट मागू शकतो, म्हणून तो हॉटेलात ठेवू नका.

निपाणीकर

लोंढावाले, ग्लेशियर एक्स्प्रेस अजिबातच काढलीत? एवढ्या लांब जायचं आणि तीच सोडायची, हे पटत नाही. काचेचं छत, जेवण जागेवर, आठ तास निवांत. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तीच बरी की ओ.

लोंढा जंक्शन

निपाणीकर, मुद्दा रास्त आहे. म्हणून नीट मांडतो.

झरमॅट ते सेंट मॉरित्झ २९१ किलोमीटर, त्यात ९१ बोगदे आणि २९१ पूल. या वाटेवरच्या चार गोष्टी महत्त्वाच्या: २०३३ मीटरची ओबराल्प खिंड, ऱ्हाइन नदीची घळ, आल्बुलाची चढण आणि लांडवासर पूल. माँत्रोहून कूरला जाताना साध्या गाड्या धरल्या तर खिंड आणि घळ त्याच रुळांवरून दिसतात. पूल आणि चढण कूरहून निघणाऱ्या बर्निनाच्या वाटेवर येतात. सुटतं ते झरमॅट आणि मॅटरहॉर्न. ते हवंच असेल तर तिथं दोन रात्री द्या. एका रात्रीत ढग आला तर ४४७८ मीटरचा डोंगर असूनही दिसत नाही.

आठव्या दिवसाची वाट लिहून ठेवा: माँत्रो–ब्रिग, ब्रिग–आंडरमाट, आंडरमाट–डिझेंटिस, डिझेंटिस–कूर. सगळं मिळून सहा-साडेसहा तास. तीन ठिकाणी गाडी बदलायची. ब्रिगला छोट्या रुळाची गाडी स्टेशनाबाहेरच्या चौकातून सुटते, फलाटावर शोधत बसू नका. मधे फुर्काचा १५ किलोमीटरचा बोगदा लागतो, काहीच दिसत नाही. जेवणाचा डबा तेव्हा उघडा.

साध्या गाडीचा मोठा फायदा म्हणजे काही डब्यांत खिडकी खाली घेता येते. बंद काचेतून काढलेल्या फोटोत आतले दिवे आणि आपलेच चेहरे उमटतात. काचेच्या छताखाली दुपारचं ऊनही डोक्यावर येतं.

मात्र गाडी बदलणं नकोच असेल तर निपाणीकर म्हणतात ते करा. ऑक्टोबरच्या मध्यापासून ग्लेशियर एक्स्प्रेस काही आठवडे बंद असते, तुमच्या तारखा त्याआधीच्या आहेत.

टिळकवाडी

फार उपयोगी माहिती. चार मुक्काम पक्के. बायकोनं ब्रिएन्झचे फोटो बघूनच होकार दिला. आता दोन शंका. गोल्डनपासमध्ये गाडी बदलावी लागते का? आणि बर्निना एका दिवसात जाऊन-येऊन जास्त होईल का?

चिकोडी रोड

गोल्डनपास एक्स्प्रेस ११ डिसेंबर २०२२ पासून इंटरलाकेन ओस्ट ते माँत्रो न बदलता जाते. सव्वातीन तासांच्या आसपास. आधी झ्वायझिमेनला उतरावंच लागायचं, कारण तिथपर्यंत रूळ १४३५ मिलिमीटर रुंदीचे आणि पुढं मीटरगेज. मीटरगेज होतं तेव्हा आपल्याकडं मिरजेला उतरून ब्रॉडगेजची गाडी धरावी लागायची, तसाच प्रकार. आता डब्याखालची चाकंच रुंदी बदलतात. झ्वायझिमेनला गाडी एका खास पट्टीवरून हळू सरकते, तेवढ्यात चाकं आत-बाहेर होतात. डब्यात बसून काही जाणवत नाही, पण काय चाललंय ते माहीत असलं तर मजा येते.

या थेट गाड्या दिवसातून मोजक्याच आहेत. वेळ जुळली नाही तर श्पीझ आणि झ्वायझिमेनला बदलत त्याच वाटेनं जाता येतं. जिन्याचं म्हणाल तर मोठ्या स्टेशनांवर सरकता जिना किंवा लिफ्ट असते, पण लिफ्ट फलाटाच्या एका टोकाला असते. बदलायला पाचच मिनिटं असतील तर एक गाडी सोडून पुढची धरा. बहुतेक वाटांवर तासाला एक गाडी आहे, धावपळ कशाला?

बॅग माणशी एक, मध्यम. अठ्ठावीस इंची बॅग डोक्यावरच्या फळीवर बसत नाही आणि दारापाशी ठेवली तर लक्ष तिकडंच राहतं.

लोंढा जंक्शन

बर्निना एका दिवसात होते, पण सफरीतला तो सगळ्यात लांब दिवस असेल. कूरहून सकाळी साडेआठच्या सुमारास काचेची गाडी निघते, चार-सव्वाचार तासांत इटलीतल्या तिरानोला. उजवीकडची जागा मागा. फिलिझूरच्या आधी सहा कमानींचा, ६५ मीटर उंचीचा लांडवासर पूल वळणावर असल्यानं उजव्या खिडकीतून आपलीच गाडी पुलावर दिसते, आणि पूल संपताच डोंगराच्या उभ्या कड्यात शिरते. पुढं मोर्टेराच हिमनदी आणि लागो बियांको तळंही उजवीकडंच. २२५३ मीटरवर ओस्पित्सियो बर्निना स्टेशन, तिथून तिरानोपर्यंत १८०० मीटरहून जास्त उतार, आणि दातेरी रूळ कुठंच नाही. चढण हजाराला ७०, म्हणजे १४ मीटरला १ मीटर. आपल्या कॅसलरॉक–कुळे घाटात ३७ ला १ आहे आणि तिथं गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. यावरून अंदाज करा.

येताना साध्या गाडीनं या: तिरानो–सेंट मॉरित्झ अडीच तास, मग कूरपर्यंत दोन तास. आरक्षण लागत नाही. वाटेत २०९१ मीटरवरच्या आल्प ग्र्यूमला उतरून पुढच्या गाडीपर्यंत थांबा. चहा आणि पाल्यू हिमनदी, दोन्ही फलाटालगत. या वाटेवरची बरीच छोटी स्टेशनं मागणीवर थांबणारी आहेत. आत असाल तर दाराजवळचं बटण दाबा, फलाटावर असाल तर खांबावरचं. नाहीतर गाडी तशीच पुढं जाते.

खानापूर घाट

व्हिसाचं. सर्वांत जास्त रात्री स्वित्झर्लंडमध्ये आहेत, तेव्हा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालणारा) त्यांचाच मागायचा. तिरानोला जाण्यासाठी वेगळा लागत नाही. बोटांचे ठसे देण्यासाठी बेंगळुरूचं केंद्र सोयीचं. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्री निघून सकाळी पोहोचता येतं. सकाळी पोहोचून दुपारची वेळ घ्या, गाडी उशिरा झाली तरी धास्ती नको. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तुम्ही जूनमध्येच करा. मोठ्यांना फी ९० युरो, केंद्राचं शुल्क वेगळं. प्रवासविमा किमान ३०,००० युरोचा हवा आणि तो येण्या-जाण्याचे दिवस धरून.

आपल्या भागातल्या लोकांची अडचण नावात होते. जुन्या पासपोर्टवर जन्मस्थान बेळगाव, २०१४ नंतरच्या कागदांवर बेळगावी. अर्जात पासपोर्टवर जसं छापलंय तसंच, अक्षर न अक्षर, लिहा. वहिनींचं माहेरचं नाव कुठल्या कागदावर राहिलं असेल तर विवाहाचा दाखला जोडा. दाखला फक्त कन्नडमध्ये असेल तर इंग्रजी भाषांतर करून घ्या.

निपाणीकर

खाण्याचं मी सांगतो. हॉटेलात एका ताटाला पंचवीस-तीस फ्रँक सहज लागतात. स्टेशनातल्या कूप किंवा मिग्रो दुकानांतून ब्रेड, चीज, फळं, दही, तयार सॅलड घ्यायचं आणि गाडीत खायचं, सगळे तसंच करतात. रविवारी गावातली दुकानं बंद असतात, स्टेशनातली उघडी. वहिनींना रोश्टी चालेल, म्हणजे किसलेल्या बटाट्याचं थालीपीठच म्हणा. फक्त मागवताना त्यात डुकराचं मांस नको हे आधी सांगा, बऱ्याच ठिकाणी घालतात. रस्त्यावरच्या कारंज्यांचं पाणी पिण्यालायक असतं, नसेल तिथं पाटी लावलेली असते.

घरून कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, भडंग, मेतकूट न्या. पण कुंदा नेऊ नका. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला तिथं बंदी आहे आणि कुंदा म्हणजे सगळं दूधच. तूप लावलेल्या दशम्याही नकोत. ताजी फळं, मिरच्या, लिंबंही घरीच ठेवा.

आणि चार्जर. आपली दोन बारीक गोल पिनांची तिथं बसते. तीन पिनांची बसत नाही, त्यासाठी स्विस अ‍ॅडॉप्टर इथूनच घेऊन जा.

टिळकवाडी

कुंदा बॅगेत ठरलाच होता, काढला. बर्निनाची उजवी जागा आधी आरक्षित करतो, मग हॉटेलं. ब्रिएन्झला स्टेशनापासून किती अंतरापर्यंतचं हॉटेल घ्यावं?

लोंढा जंक्शन

तळ्याच्या बाजूला असेल तर अर्धा किलोमीटरही चालेल, वाट सपाट आहे. स्टेशनाच्या वरच्या अंगाला असेल तर दोनशे मीटरसुद्धा नको. तिथं लगेच चढ लागतो.