हॅनिबल हरतो तो पानांमुळे नव्हे

चौकस
'सातपुडा' यांनी काल लिहिलं की 'हॅनिबल: रोम विरुद्ध कार्थेज' हा रोम आणि उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज यांच्या प्राचीन युद्धावरचा, पटावर पानांनी खेळायचा खेळ डावपेचांचा नाहीच, ज्याच्या हाती पानं बरी आली तो जिंकला. वर असंही म्हटलं की खेळ रोमकडे झुकवलेला आहे, कारण कार्थेजवाला लढाईमागून लढाई मारतो आणि शेवटी हरतो. हे वाचून गप्प बसवेना.

मार्क सिमोनिच यांचा हा खेळ 1996 साली आला आणि लोक अजून तो हिरिरीने खेळतात. निव्वळ नशिबावर चालणारा खेळ इतकी वर्षं टिकत नाही. हातातल्या एकाच पानावर तुम्ही सेनापती हलवू शकता, प्रांतांत आपल्या सत्तेच्या सोंगट्या ठेवू शकता, नाहीतर पानावरची घटना घडवू शकता. डाव तिथेच ठरतो. नवखा कार्थेजवाला सगळी पानं हॅनिबल या आपल्या सेनापतीला पळवण्यात घालवतो, कारण हॅनिबल कुठल्याही पानावर हलतो आणि त्याची नशा चढते. इकडे इटलीत धुमाकूळ, तिकडे कार्थेजच्याच ताब्यातल्या स्पेनच्या सोंगट्या एकेक करून उलटलेल्या. फेरी संपली की प्रांत मोजतात. ज्याचे कमी भरतात त्याला पटावरच्या सोंगट्या उचलून द्याव्या लागतात. पानांना दोष देणाऱ्यांनी आपला स्पेन कोणी सांभाळला होता ते सांगावं.

आता झुकवण्याबद्दल. खरा हॅनिबल आल्प्स उतरून इटलीत आला तेव्हा त्याच्याजवळ सुमारे 20,000 पायदळ आणि 6,000 घोडदळ उरलं होतं. पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने दिलेल्या आकड्यांप्रमाणे रोम आणि त्याच्या मित्रांकडे लढायला उभे करता येतील असे 7 लाखांवर पायदळवाले होते. इ.स.पू. 216 मध्ये कॅनीच्या लढाईत रोमन फौजेची एवढी कत्तल होऊनही मध्य इटलीतली लॅटिन शहरं रोमपासून फुटली नाहीत. काप्वा हे शहर फुटलं, तेही रोमने 211 मध्ये वेढा घालून परत घेतलं. तो वेढा उठवायला हॅनिबल थेट रोमच्या तटापर्यंत गेला आणि हात हलवत परतला. हे सगळं पटावर जसंच्या तसं जाणवतं, म्हणून हा खेळ मला इतका प्रिय आहे.

सातपुडा
माझ्या चार ओळींना एवढं मोठं उत्तर! स्पेन मीही सांभाळतो हो. माझा मुद्दा लढाईच्या पानांचा होता. समोरच्याने उजव्या बगलेचं पान टाकलं आणि माझ्या हातात उजवी बगल नाही, की लढाई संपली. नऊ पानं हातात घेऊन पहिल्याच पानाला हरलोय मी. याला डावपेच म्हणायचं?

आणि रोमचे कॉन्सल, म्हणजे दर वर्षी निवडले जाणारे दोन सर्वोच्च अधिकारी आणि सेनापती? दर फेरीला चिठ्ठी काढल्यासारखे नवे येतात. नशिबात वारो आला की बसा रडत. त्या गाढवाने कॅनीला सगळी फौज खड्ड्यात घातली, आणि खेळात तोच आमच्या गळ्यात.

चौकस
नऊ पानं होती तर आधी चाचपणीची छोटी पानं टाकून समोरच्याचा हात का नाही रिकामा केलात? हॅनिबलचं लढाईचं मूल्य 4 आहे. त्याने पान जुळवलं आणि फाशावर 1 ते 4 आलं की पुढाकार त्याचा. म्हणूनच त्याच्याशी सपाट मैदानात भिडायचं नाही. फेबियस या रोमन सेनापतीला हे इ.स.पू. 217 मध्येच कळलं होतं.

निशिगंध
वारोला गाढव म्हणणाऱ्यांनी जरा थांबा. कॅनीची हकिगत आपल्याला कळते ती मुख्यतः पॉलिबियसकडून. तो रोममध्ये कोणाच्या आश्रयाला होता? स्किपिओ एमिलियानस या रोमन सेनापतीच्या. आणि हा स्किपिओ कोणाचा नातू? कॅनीला वारोचा जोडीदार कॉन्सल असलेल्या पाउलुसचा! आश्रयदात्याचा आजोबा रणांगणात पडलेला, वारो जिवंत परतलेला आणि त्यातून घराणं नसलेला. खापर कोणावर फुटणार? रोमन इतिहासकार लिव्ही तर वारोला खाटकाचा मुलगा म्हणून हिणवतो. त्याच लिव्हीने लिहिलंय की वारो रोमला परतला तेव्हा लोकांनी वेशीवर जाऊन त्याचे आभार मानले, प्रजासत्ताकाची आशा सोडली नाही म्हणून.

सातपुडा
आभार मानले म्हणून मेलेले उठून आले नाहीत. त्या दिवशी फौजेची सूत्रं वारोकडे होती की नाही, एवढं सांगा.

निशिगंध
होती. दोन कॉन्सल एक दिवसाआड सूत्रं घ्यायचे. पण लढाई द्यायचीच हा निर्णय सिनेटचा होता, नाहीतर आठ लीजन (रोमन फौजेच्या मोठ्या तुकड्या) एकत्र कशाला पाठवले असते? आणि एवढा नालायक होता तर रोमने त्याला पुढे इटलीतल्याच पिकेनममध्ये फौजेवर का ठेवलं?

डोंबिवलीकर
तुमचं वारोपुराण चालू द्या, पण हा खेळ घ्यायचा कसा ते कोणी बोलत नाही. मी बाहेरून मागवला तर पेटीच्या किमतीवर शुल्क, त्यावर कुरिअरवाल्याचं 'हाताळणी'चं बिल, आणि पेटीचा कोपरा चेपलेला. 2020 मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क 20 वरून 60 टक्क्यांवर नेलं, पुढे 70 केलं. दोन माणसांनी संध्याकाळभर बसून खेळायचा पट इथे श्रीमंतांचा शौक झालाय, आणि इथे चर्चा कशाची, तर लिव्हीची.

जुन्नरकर
निशिगंधताईंशी सहमत. माझे काका पाणीपुरवठ्यात कनिष्ठ अभियंता होते. वरिष्ठांनी घाई करून टाकी भरायला लावली, भिंत गेली, चौकशीत नाव काकांचं आलं. वरिष्ठांचे नातेवाईक कुठे कुठे होते ते काका शेवटपर्यंत सांगायचे. अहवाल ज्याच्या घरचा, तसा दोष ठरतो. वारोचं मला लगेच पटलं.

सातपुडा
काकांबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण टाकीच्या भिंतीवरून कॅनीचा निकाल लागत नाही. अरुंद जागेत फौज खच्चून उभी केली, बगला उघड्या टाकल्या. हे पॉलिबियसने मनाने रचलं असेल तर तसं सिद्ध करा.

निशिगंध
रचलं कोण म्हणतंय? मांडणी चुकली हे मान्य. दुसरा कॉन्सल साधू आणि हा मूर्ख, हे मला मान्य नाही. आणि पुन्हा 'गाढव' म्हणालात तर मी इथे उत्तर देणार नाही.

सातपुडा
बरं, शब्द मागे घेतो. मत घेत नाही.

चौकस
मूळ मुद्दा राहिलाच. दर वर्षी बदलणारे कॉन्सल ही रोमची खरीखुरी अडचण होती. खेळात त्यावर उपाय दिलाय, एकाला मुदत संपल्यावरही प्रोकॉन्सल म्हणून ठेवून घेता येतं. चांगला हाती आला की त्याला सोडू नका.

सातपुडा
प्रोकॉन्सलचं मी गंभीरपणे घेत नव्हतो, तेवढं तुमचं खरं. लढाईच्या पानांबद्दल मात्र अजून पटलेलं नाही. येत्या रविवारी समोरासमोर बसू. कार्थेज मी घेतो, आणि पहिल्या फेरीची निम्मी पानं स्पेनमध्ये टाकतो.

डोंबिवलीकर
पट कोणाकडे आहे? मी येऊ का बघायला?