जुन्या एस्टीमचं पेट्रोल प्रेशर कमी: पंप, फिल्टर की आणखी काही? (बडोदे, बजेट ३०००)

दांडियाबाजारकर
बाबांची २००२ ची एस्टीम, एमपीएफआय (कार्ब्युरेटर नाही, इंजेक्टरवाली), १,१४,००० किलोमीटर. सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते. पण गरम गाडी अर्धा तास उभी राहिली की दहा-दहा सेकंद सेल्फ मारत बसावं लागतं. गेल्या रविवारी पावागडला माचीच्या चढावर गुचके खायला लागली. मागे सासूबाई. बोलल्या काही नाहीत, फक्त पर्स मांडीवर घट्ट धरली.
गल्लीतल्या मेकॅनिकने बॉनेटही न उघडता "पंप गयो, साहेब" म्हणून ५५०० सांगितले. गेला असेलही, पण आधी कळू तर दे. घरच्या घरी कसं तपासायचं? बडोद्यात कुणाकडे प्रेशर गेज आहे का? बजेट ३०००, त्यावर एक रुपया नाही.

झेनप्रेमी_कारेलीबाग
पंपच. माझ्या झेनला २०१९ मध्ये हीच लक्षणं होती. ओरिजिनल टाका. मजुरीसकट ७२०० गेले, पण त्यानंतर हात लावलेला नाही.

दांडियाबाजारकर
बजेट ३००० आहे हो.

झेनप्रेमी_कारेलीबाग
एकदाच खर्च करायचा असतो.

पायी_हळूहळू
आधी फिल्टर बदला. माझं फिल्टरनेच गेलं.

बुलेटराजा९१
हे सगळं ई२० (वीस टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलचं पाप. जुन्या गाड्यांच्या नळ्या, रबर सगळं खातंय. सरकारला लोकांनी नव्या गाड्या घ्यायला हव्यात.

निवृत्त_मकरपुरा
रबर जुनं असेल तर त्रास होऊ शकतो, पण म्हणून या गाडीत तेच झालंय असं कसं म्हणता? ३१ वर्षं जीआयडीसीत मेंटेनन्सला काढली. न मोजता पार्ट बदलणाऱ्याला आम्ही स्टोअरच्या आत घेत नव्हतो.
गेज माझ्याकडे आहे, टी-जोडासकट. फिल्टर आणि रेल (इंजेक्टरना पेट्रोल पोचवणारी नळी) यांच्या मधे बसतो. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू ठेवा, ते आपोआप बंद पडेल. वर दोन-तीनदा सेल्फ मारा, लाइनमधलं प्रेशर उतरतं. मग बॅटरीचं निगेटिव्ह काढा. तरी नळी सुटताना पेट्रोल उडतंच, फडकं गुंडाळून सोडवा, आणि इंजिन थंड असतानाच. बिडी ओढणारा शेजारी असेल तर त्याला चहाला पाठवा. (आमच्याकडे एकाच्या भुवया गेल्या होत्या.) जोड घट्ट केले की निगेटिव्ह आणि फ्यूज परत, मग मोजा.
पंप चालू, इंजिन बंद असताना साधारण अडीच ते तीन बार. आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) अर्धा बार कमी, कारण प्रेशर सांभाळणाऱ्या रेग्युलेटरला इंजिनचा व्हॅक्यूम मिळतो. ती बारीक व्हॅक्यूम नळी काढली की काटा अर्धा बार वर चढला पाहिजे. नळीत पेट्रोलचा ओलावा दिसला तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय, विषय संपला.
नसेल तर आयडलला रिटर्नची (जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी) रबरी नळी फडक्यातून पकडीने दोन सेकंद दाबा. जास्त नाही, जुनी नळी तडकते. काटा झपकन वर गेला तर पंपात दम आहे आणि रेग्युलेटर प्रेशर सोडतोय. नाही गेला तर दोष मागच्या बाजूला: फिल्टर, पंप, नाहीतर पंपापर्यंत पोचणारा करंट. हा शेवटचा कुणी बघत नाही.

इंदूरी_पोहे
काका, मस्त! मी मात्र प्लग बदलले आणि गुचके बंद. प्लग बघितले का?

झेनप्रेमी_कारेलीबाग
एवढी उस्तवार करण्यापेक्षा पंप टाकून मोकळं व्हावं माणसाने.

मांडवीची_मिनल
दादा, गाडीला सीएनजी आहे का?

दांडियाबाजारकर
हो, ते लिहायचं राहिलं. २०११ पासून किट आहे. शहरात सीएनजीच, चढ आला की पेट्रोलवर टाकतो. टाकीत चार-पाच लिटर असतं.

मांडवीची_मिनल
अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं! तोच चढ सीएनजीवर चढवून बघा. सीएनजीला ठिणगी जास्त जोराची लागते, म्हणजे प्लग किंवा कॉइलचा दोष असता तर गाडी गॅसवर जास्त रडली असती. गॅसवर मऊ चालत असेल तर पोह्यांचे प्लग बाद.
दुसरं, टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो. चार लिटरवर वर्षानुवर्षं चालवलात तर तो तापतोच. काही फिटर गॅसवर पंप बंद व्हावा म्हणून त्याच्या वायरीत रिले (विजेवर चालणारा स्विच) घालतात. आमच्या वॅगनआरला तो जोड नुसता पिळून वर टेप मारलेला होता. मागच्या सीटखाली बघा.

बुलेटराजा९१
म्हणूनच मी गॅस लावत नाही. डिकीत पिशवी मावत नाही.

पायी_हळूहळू
फिल्टर बदलला का?

आरटीओ_त्रस्त
२००२ ची गाडी म्हणजे २०१७, २०२२ आणि आता २०२७ ला पुन्हा नोंदणीचं नूतनीकरण. वीस वर्षांवरच्या मोटारीची फी २०२५ मध्ये १०,००० झाली. भंगारात द्या आणि इलेक्ट्रिक घ्या. मी घेतली, महिन्याला पेट्रोलचा खर्च शून्य.

झेनप्रेमी_कारेलीबाग
आणि हप्ता?

आरटीओ_त्रस्त
तो वेगळा विषय आहे.

दांडियाबाजारकर
शनिवारी काकांकडून गेज आणला, सोबत सेव उसळही खाल्ली, आभार. गॅसवर गाडी माचीपर्यंत सुतासारखी गेली. पेट्रोलवर आयडलला १.७ बार. व्हॅक्यूम नळी कोरडी. रिटर्न दाबली तर काटा रेंगाळत २.२ वर जाऊन थांबला.

निवृत्त_मकरपुरा
म्हणजे मागची बाजू. इंजिन चालू ठेवून पंपाच्या कनेक्टरवर व्होल्ट मोजा, मीटरची काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला. बॅटरीवर जेवढे, त्याहून अर्धाएक व्होल्ट कमी चालेल.

दांडियाबाजारकर
बॅटरीवर १४.०, पंपाला १०.६!! मागची सीट उचलली. मिनलताई, सेम टू सेम. पिळलेला जोड, वरची टेप गुळासारखी चिकट, आत तांबं हिरवं पडलेलं आणि रिलेची टोकं काळी. हात लावला तर गरम. रिले काढून वायर कापून नीट सोल्डर केली, पंप आता गॅसवरही चालू राहील. पंपाला १३.४. फिल्टरही बदलला. जुन्याच्या इनलेटकडून पांढऱ्या वाटीत पेट्रोल उलटं ओतलं तर कोऱ्या चहाच्या रंगाचं, तळाशी गंजाची पूड. आता आयडलला २.३.

पायी_हळूहळू
सांगितलं होतं फिल्टर.

झेनप्रेमी_कारेलीबाग
१०.६ वर इतकी वर्षं चाललेला पंप किती टिकणार? माझं ऐका.

निवृत्त_मकरपुरा
गाडी बंद केल्यावर काटा किती वेळ टिकतो?

दांडियाबाजारकर
तिथेच गोम आहे. तीन मिनिटांत शून्य. गरम असताना सेल्फ अजून लांबच लागतो.

निवृत्त_मकरपुरा
प्रेशर उतरलं की गरम रेलमधल्या पेट्रोलची वाफ होते, म्हणून सेल्फ लांबतो. बंद केल्याबरोबर रिटर्न दाबून ठेवा. टिकलं तर रेग्युलेटर. नाही टिकलं तर पंपातला चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप), नाहीतर एखादा इंजेक्टर गळतोय. व्हॉल्व्ह असेल तर इथे मीही पंपच म्हणेन.

मांडवीची_मिनल
मीही. रिले काढलात ना, मग आता गॅसवर चालतानाही तो पंप फिरत राहणार. टाकी उतरवायची वेळ येणारच आहे, पाऊस सुरू व्हायच्या आत करा.

दांडियाबाजारकर
सगळ्यांचं पटतं, पण नाही करत. माझ्या एस्टीमला टाकी उतरवूनच पंप निघतो आणि तो मेकॅनिक पुन्हा ५५०० म्हणणार. चावी दोनदा ऑन-ऑफ केली की पंप दोन-दोन सेकंद फिरतो, तिसऱ्यांदा सेल्फ मारला तर गरम गाडीही लगेच सुरू होते. २०२७ च्या नूतनीकरणापर्यंत एवढं मला चालेल. टाकी मात्र आता अर्ध्याखाली जाऊ देणार नाही. फिल्टर, सोल्डर, टेप मिळून ६४० झाले. उरलेल्यांत सीट कव्हर टाकली. सासूबाईंची सूचना.

झेनप्रेमी_कारेलीबाग
सीट कव्हर!! मग आम्ही इतके दिवस कशाला टंकत होतो?

निवृत्त_मकरपुरा
गाडी तुमची. गेज तेवढा रविवारी आणून द्या, आणि टी-जोडाचे दोन क्लिप मोजून पिशवीत टाका. मागच्या वेळी एकाने एकच परत केला होता.