दुसऱ्या भागाचं नातं दुसऱ्या फेरीत कळतं

'डार्क सोल्स २ या व्हिडिओ गेमचा पहिल्या भागाशी काही संबंध नाही आणि बॉसही (म्हणजे मोठे शत्रू) सोपे आहेत' असं वर दोघांनी लिहिलंय. बॉसबद्दल बऱ्यापैकी सहमत. पण संबंध नाही हे पटत नाही. तो आहे, फक्त पहिल्या फेरीत हाती लागत नाही. लॉस्ट सिनर, ओल्ड आयर्न किंग, द रॉटन आणि फ्रेया या चार बॉसना न्यू गेम प्लसमध्ये, म्हणजे गेम संपवून पुन्हा सुरू केलेल्या जास्त कठीण फेरीत, हरवलं की नेहमीच्या सोलबरोबर (हरवलेल्या शत्रूचा आत्मा) आणखी एक जुना सोल मिळतो. त्यांची वर्णनं नीट वाचा: इझालिथची विच, ग्विन, नीटो आणि सीथ, म्हणजे २०११ च्या पहिल्या गेममधल्या चार बड्या सत्ताधीशांच्या खुणा तिथे आहेत. मला तर ही जोडणी तिसऱ्या भागात थेट अनॉर लोंडोला, म्हणजे पहिल्या भागातल्याच शहरात, नेऊन उभं करण्यापेक्षा जास्त आवडते.

आणि इथेच कथा नि कठीणपणा एकत्र येतात. न्यू गेम प्लसमध्ये लॉस्ट सिनरच्या मदतीला दोन पायरोमॅन्सर (आगीची जादू करणारे) येतात. तिच्या तलवारीतून सुटून श्वास घ्यावा तर बाजूने आगीचे गोळे! बॅस्टिल की नावाच्या किल्लीने दोन्ही बाजूंच्या खोल्या उघडून आधी तेल पेटवून घ्या, उजेड झाला की लांबूनही लॉक-ऑन होतं, म्हणजे नेम तिच्यावर खिळतो. सगळा गेम पुन्हा खेळायचा नसेल तर तिच्या जवळच्या बॉनफायरमध्ये (विश्रांतीची शेकोटी) बॉनफायर असेटिक ही वस्तू जाळा, तेवढा भाग पुढच्या फेरीइतका कठीण होतो आणि ती परत येते. मात्र हे उलटं फिरवता येत नाही, म्हणून आधी एस्टसच्या, म्हणजे तब्येत भरून काढणाऱ्या बाटलीचे, घोट वाढवून घ्या.