इफिसकरांस पत्र ५:२३ मधील ‘मस्तक’ : मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ अधिकारी, उगम की आणखी काही?

प्रश्न : सांगलीची वाचक

प्रभूच्या नावात सर्वांना सलाम.

आमच्या मंडळीच्या महिला मंडळात लवकरच विवाहाविषयीच्या शास्त्रपाठांचा अभ्यास सुरू होत असून पहिला पाठ मी घ्यावा असे ठरले आहे. पाठ इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातील, म्हणजे आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक लग्नात वाचला जाणारा. ‘पती पत्नीचे मस्तक आहे’ हे वाक्य लहानपणापासून ऐकत आले, पण त्यावर इतरांपुढे बोलायचे म्हटल्यावर हा अर्थ नेमका कुठून आला याची चौकशी केल्याशिवाय उभे राहणे मला योग्य वाटत नाही.

विचारण्याचे आणखी एक कारण आहे. माझी भाची मिरजेत परिचारिका आहे. लग्नानंतर तिचे एटीएम कार्ड नवऱ्याने स्वतःकडे ठेवले. तिने विचारले तेव्हा सासरच्या वडीलधाऱ्यांनी हेच वचन तिच्यापुढे ठेवले आणि ‘मस्तक म्हणजे घरातला शेवटचा शब्द’ असे सांगितले. रात्रपाळी करून मिळवलेल्या पगारातून बसभाड्याला पैसे मागावे लागतात, याचे तिला दुःख आहेच. पण देवाच्या वचनातच असे लिहिले असेल तर आपण कुरकुर कशी करायची, या विचाराने ती अधिक खचली आहे.

मूळ ग्रीक शब्द ‘केफाले’ असून त्याचा अर्थ ‘अधिकारी’ नसून ‘उगम’ आहे, असे एका व्याख्यानात ऐकले. दुसरीकडे, हा अर्थ अलीकडच्या काळात सोयीसाठी काढला गेला, असेही वाचले. ज्यांनी ग्रीकचा अभ्यास केला आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर : मंडळीतील एक वडील, सातारा

ताई, आपण अभ्यास करूनच शिकवू इच्छिता, ही आनंदाची गोष्ट आहे. माझे मत परंपरेच्या बाजूचे आहे आणि त्याला आधार आहे.

जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात शास्ते ११:११ येथे गिलादचे लोक इफ्ताहाला आपल्यावर ‘केफाले’ नेमतात, आणि स्तोत्र १८:४३ मध्ये दाविदाला राष्ट्रांचे ‘केफाले’ केले असे म्हटले आहे. या दोन्ही ठिकाणी ‘उगम’ हा अर्थ बसतच नाही. इफिसकरांस पत्रातच, १:२२ मध्ये, देवाने सर्व काही ख्रिस्ताच्या पायांखाली ठेवले आणि त्याला सर्वांवर मस्तक म्हणून मंडळीला दिले, असे वाचायला मिळते. कलस्सैकरांस २:१० मध्ये तो सर्व सत्ता आणि अधिकार यांचे मस्तक आहे. पायांखाली सर्व काही ठेवल्याची भाषा अधिकाराचीच आहे. वेन ग्रुडेम या अमेरिकन अभ्यासकाने १९८५ मध्ये प्राचीन ग्रीक वाङ्मयातील या शब्दाची २,३३६ उदाहरणे तपासली आणि व्यक्तीच्या संदर्भात ‘उगम’ हा अर्थ सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष मांडला. त्यामुळे इतक्या जुन्या वाचनाला सोयीस्कर नव्या अर्थाने बाजूला सारू नये, अशी माझी विनंती आहे.

आपल्या भाचीबद्दल मात्र स्पष्ट लिहितो. पत्नीची कमाई काबीज करून तिला हात पसरायला लावणे याला पवित्र शास्त्रात कोठेही आधार नाही, आणि परंपरेचा अर्थ मानणाऱ्या आम्हा लोकांनीच हे सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्याने सांगितले पाहिजे. तिच्या मंडळीच्या पाळकसाहेबांनी आणि पंचांनी त्या घरी जाऊन बोलावे.

उत्तर : ग्रीकचा विद्यार्थी, मिरज

वडिलांनी दिलेली उदाहरणे खरी आहेत आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. त्यांत मी भरही घालतो. प्लुटार्क हा ग्रीक लेखक, या पत्राचा लेखक पौल याच्यानंतर थोड्याच काळाने लिहीत होता. पेलोपिदासच्या चरित्रात तो सैन्याची तुलना शरीराशी करतो : हलके शिपाई हात, घोडदळ पाय, मुख्य फळी छाती आणि सेनापती मस्तक. तेव्हा हा शब्द पुढारीपणासाठी कधीच वापरला जात नव्हता, असे म्हणणाऱ्यांची बाजू टिकत नाही.

तरीही चित्र एवढ्यावर पूर्ण होत नाही. हिब्रू ‘रोश’ या शब्दाचे, इंग्रजीतील ‘हेड’सारखे, डोके आणि म्होरक्या असे दोन्ही अर्थ होतात. जेथे अर्थ शरीराचे डोके असा होता तेथे ग्रीक भाषांतरकारांनी सहजपणे ‘केफाले’ लिहिले. पण जेथे अर्थ म्होरक्या होता तेथे त्यांनी बहुतेक वेळा ‘आर्खोन’ म्हणजे अधिकारी किंवा त्यासारखा दुसरा शब्द घेतला. इफ्ताह आणि दाविदाची उदाहरणे ही त्या नियमाला असलेल्या थोड्या अपवादांपैकी आहेत. ग्रीक कानाला ‘केफाले’ म्हटल्याबरोबर हुकूम सोडणारा माणूस आठवत असता, तर भाषांतरकारांनी दुसरा शब्द शोधण्याचे श्रम घेतले नसते. ग्रुडेम यांच्या उदाहरणांपैकी पुष्कळांवर रिचर्ड सर्व्हिन यांनी १९८९ मध्ये आक्षेप घेतले, आणि अधिकार व उगम या दोहोंऐवजी ‘अग्रस्थानी असलेला, ठळकपणे पुढे दिसणारा’ असा अर्थ सुचवला. अँथनी थिसेल्टन यांनी करिंथकरांस पहिल्या पत्रावरील २००० सालच्या भाष्यात त्याच दिशेचा कौल दिला आहे.

आता ‘उगम’ या अर्थाकडे वळू. १९५४ मध्ये स्टीफन बीडेल यांच्या लेखाने ही चर्चा आधुनिक काळात सुरू केली आणि पुढे गॉर्डन फी यांच्यासारख्या अभ्यासकांनी ती उचलून धरली. त्यांचा एक आधार ग्रीक इतिहासकार हिरोडोटसच्या चौथ्या खंडात आहे : थ्रेसमधील तेआरोस नदीकाठी इराणी सम्राट दारयवहूने उभारलेल्या शिलालेखात नदीच्या झऱ्यांना ‘केफालाय’, म्हणजे डोकी, म्हटले आहे. आपण कृष्णाकाठचे लोक महाबळेश्वरच्या ठिकाणाला नदीचा उगम म्हणतो आणि समुद्राला मिळते त्या टोकाला मुख म्हणतो. नदीला डोके असते हे आपल्या कानाला विचित्र लागते. ग्रीकमध्ये मात्र झऱ्यांसाठी हा शब्द अनेकवचनात येतो, आणि कॅलिमॅकस या कवीने तोच शब्द एकवचनात नदीच्या समुद्राकडील टोकासाठीही वापरला आहे. म्हणजे नदीच्या बाबतीत ‘केफाले’चा अर्थ ‘टोक’ एवढाच धरावा लागतो, आणि त्यावर ‘पती हा पत्नीचा उगम’ असा इमला बांधणे मला धाडसाचे वाटते.

पौलाच्या लिखाणात उगमाची छटा मुळीच नाही असे मात्र नाही. इफिसकरांस ४:१५-१६ आणि कलस्सैकरांस २:१९ मध्ये मस्तकापासून संपूर्ण शरीराला पुरवठा होतो, सांधे जुळतात आणि शरीर वाढते. तेथे मस्तक आज्ञा देत नाही, पोसते. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायातही ‘स्त्री पुरुषापासून झाली’ हे आठव्या वचनात आहे, आणि बाराव्यात लगेच ‘पुरुष स्त्रीच्या द्वारे होतो, आणि सर्व काही देवापासून’ अशी जोड आहे.

त्याच अध्यायाचे तिसरे वचन फार काळजीपूर्वक वाचण्यासारखे आहे. क्रम पाहा : पुरुषाचे मस्तक ख्रिस्त, स्त्रीचे मस्तक पुरुष, ख्रिस्ताचे मस्तक देव. अधिकाराची उतरंड सांगायची असती तर देव सर्वांत वर ठेवून क्रमाने खाली येणे स्वाभाविक होते. पौलाने तसे केलेले नाही. चौथ्या शतकात एरियसच्या अनुयायांनी याच वचनावरून पुत्र पित्याहून कनिष्ठ असल्याचा युक्तिवाद केला. त्यांना उत्तर देणारा धर्मोपदेशक योहान ख्रिसोस्तम जन्मापासून ग्रीक बोलणारा होता, म्हणून त्याचे म्हणणे मला फार मोलाचे वाटते. तो म्हणतो की पौलाला सत्ता आणि ताबेदारी एवढेच सांगायचे असते तर त्याने पत्नीचे उदाहरण घेतले नसते, दास आणि धनी यांचे घेतले असते. आणि पत्नी अधीन असली तरी ती स्वतंत्र आणि समान मानाची म्हणून आहे. ख्रिसोस्तम आजच्या अर्थाने समतावादी नव्हता आणि पत्नीची अधीनता तो मानतोच. पण मस्तक या शब्दातून मालकी काढणे ग्रीकभाषकालाही चुकीचे वाटत होते, एवढे त्यातून निश्चित कळते.

उत्तर : निवृत्त शिक्षिका, वाई

मला ग्रीक येत नाही, परंतु चाळीत आणि चर्चमध्ये आयुष्य गेल्यामुळे मराठीविषयी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

आपल्या मराठी पवित्र शास्त्रात ‘मस्तक’ आहे, ‘धनी’ किंवा ‘कर्ता’ नाही. भाषांतरकारांनी शरीराचे चित्र शरीराचेच ठेवले आणि निवाडा वाचणाऱ्यावर सोपवला, हे त्यांचे उपकार आहेत. रोजच्या मराठीत आपण मस्तकाने काय करतो? मस्तक टेकवतो, नतमस्तक होतो. हुकूम चालवणाऱ्याला आपण कर्ता म्हणतो, कारभारी म्हणतो, मस्तक कधीच म्हणत नाही. ‘शेवटचा शब्द’ हा अर्थ त्या वडीलधाऱ्यांनी शब्दातून काढलेला नसून घरातील जुन्या वहिवाटीतून शब्दात घातलेला आहे.

दुसरी गोष्ट कागदोपत्री आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार शिधापत्रिकेसाठी कुटुंबप्रमुख ही घरातील अठरा वर्षांवरील सर्वांत वडील स्त्री असते. रेशनच्या दुकानात माझ्या नावापुढे ‘कुटुंबप्रमुख’ छापलेले पाहून आमच्या घरातील एकाही पुरुषाचा मान कमी झाला नाही, आणि धान्य आणायला मुलगाच जातो. प्रमुखपण हे काम असते, हे सरकारच्या त्या कागदावरूनही शिकता येते.

पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक अभ्यासून संपूर्ण पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणले. त्या १९२२ मध्ये गेल्या आणि ते भाषांतर केडगावच्या मुक्ती मिशनमधून १९२४ मध्ये पूर्ण छापून निघाले. बायकांनी मूळ भाषेत शिरून अर्थ विचारणे ही आपल्या महाराष्ट्रात नवीन गोष्ट नाही. तुम्ही निःसंकोच विचारा.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वडिलांनी माझ्या भाचीबद्दल इतके स्पष्ट लिहिले, ते मी तिला वाचून दाखवले. तिला खूप धीर आला.

दोन शंका उरल्या आहेत. शब्दकोशातून ‘अधिकारी’ आणि ‘उगम’ यांचा निकाल पुरेपूर लागत नसेल, तर महिला मंडळात मी नेमके काय शिकवावे? आणि करिंथकरांस पहिले पत्र ११:१० मध्ये स्त्रीच्या मस्तकावरील अधिकाराचा जो उल्लेख आहे, ज्यावरून प्रार्थनेच्या वेळी पदर घेण्याची आपली पद्धत समजावली जाते, तो अधिकार कोणाचा?

उत्तर : ग्रीकचा विद्यार्थी, मिरज

दुसरी शंका आधी घेतो, कारण तिचे उत्तर थोडक्यात देता येते. ग्रीक मजकुरात ‘स्त्रीने मस्तकावर अधिकार बाळगावा’ एवढेच आहे. अनेक भाषांतरांत दिसणारा ‘चिन्ह’ हा शब्द अर्थ स्पष्ट करण्यासाठी घातलेला आहे. ‘एक्सूसिया’ बाळगणे म्हणजे ग्रीकमध्ये सर्वसाधारणपणे स्वतःकडे अधिकार असणे होय. पाचव्या वचनात स्त्रिया मंडळीत प्रार्थना करतात आणि संदेश देतात हे पौलाने गृहीत धरले आहे, हेही लक्षात ठेवावे. पदर घेणे ही आदराची सुंदर रीत आहे. ती ताबेदारीची खूण आहे असे या वचनावरून ठामपणे म्हणता येत नाही.

आता मुख्य शंका. माझे म्हणणे असे की कोशातील अर्थ निवडून तो पत्रावर लादण्यापेक्षा, या मस्तकाने काय करावे असे पौल सांगतो तेच वाचावे. वाचन ५:२२ पासून नव्हे, ५:२१ पासून सुरू करा, कारण ‘एकमेकांच्या अधीन असा’ हे तेथे आहे. सुमारे इ. स. २०० च्या पपायरस ४६ या हस्तलिखितामध्ये आणि चौथ्या शतकातील व्हॅटिकन हस्तलिखितात बाविसाव्या वचनाला स्वतःचे क्रियापदच नाही. ते एकविसाव्यातून घ्यावे लागते. छापील प्रतींत मध्येच मथळा येतो आणि वाक्य तुटते, त्याचा परिणाम आपल्या लग्नांतील वाचनावर झाला आहे.

पुढे पत्नींना तीन वचने आणि पतींना त्याहून कितीतरी अधिक. त्यांत पतीने सत्ता चालवावी अशी एकही आज्ञा नाही. प्रीती करा, आणि ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिले तशी करा, एवढेच आहे. दाम्पत्याच्या बाबतीत पौल अधिकाराचे क्रियापद स्पष्टपणे वापरतो ते १ करिंथकरांस ७:४ मध्ये, आणि तेथे दोघांचा एकमेकांच्या शरीरावर सारखाच अधिकार सांगतो.

एकोणतिसाव्या वचनातील दोन क्रियापदे फळ्यावर अवश्य लिहा. ‘एक्त्रेफो’ म्हणजे खाऊपिऊ घालून वाढवणे. नव्या करारात ते याशिवाय फक्त इफिसकरांस ६:४ मध्ये, मुलांना वाढवण्याविषयी येते. ‘थाल्पो’ म्हणजे ऊब देणे. ते याशिवाय फक्त १ थेस्सलनीकाकरांस २:७ मध्ये, लेकरांना जपणाऱ्या दाईविषयी येते. मस्तकाच्या कामासाठी पौलाने हे शब्द निवडले आहेत.

उत्तर : मंडळीतील एक वडील, सातारा

‘केफाले’मध्ये पुढारीपणाचा अर्थ आहे हे माझे मत कायम आहे. पण त्या पुढारीपणाचे स्वरूप एकोणतिसाव्या वचनाने ठरते, याबद्दल आपल्यात दुमत नाही. ताई, एक सूचना करतो : हा पाठ केवळ महिला मंडळात न घेता पुरुषांच्या सभेतही घ्यावा, कारण यातील बहुतेक आज्ञा त्यांना उद्देशून आहेत. आपल्या पाळकसाहेबांची संमती असेल तर पुरुषांच्या सभेत मी साताऱ्याहून येऊन बोलेन, आणि भाचीच्या सासरी जायचे ठरल्यास त्या घरीही येईन.