भोपाळ साफ झालेलं नाही

केंद्राने १२६ कोटी दिले, कचरा मध्य प्रदेशातल्याच पिथमपूरला नेऊन जाळला, म्हणजे भोपाळ वायुदुर्घटनेतल्या युनियन कार्बाइड कारखान्याची जागा साफ झाली, असं काही जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. जानेवारी २०२५ मध्ये बारा कंटेनरांतून गेला तो फक्त गोळा करून शेडमध्ये ठेवलेला ३३७ टन कचरा. आवारातली माती तशीच आहे. आणि भिंतीबाहेरची ती तळी, जिथे १९७७ पासून कारखान्याचं सांडपाणी सोडलं जायचं? त्यातलं विष झिरपून भूजलात गेलं, तेच पाणी वस्त्यांतल्या हातपंपांना यायचं. खरा पैसा लागणार आहे तिथे! अमेरिकेने १९८० च्या सुपरफंड कायद्यात अशा सफाईसाठी रसायन आणि तेल कंपन्यांवरच कर बसवून निधी उभारला होता. आपल्याकडेही तसाच निधी हवा.