बी-302 चा पोपट

वैशाली (बी-202): काल पुन्हा पाहुण्यांच्या मुलांना "आमचा मिठू बघा" म्हणून वर नेत होते. मी गणपतीच्या मीटिंगलाच बोलले होते. पोपट पाळणं गुन्हा आहे. उद्या वनविभागाची गाडी गेटवर आली तर सगळ्यांचीच शोभा.

सावंत काकू (बी-302): मिठू अकरा वर्षांचा आहे. तू इथं राहायला यायच्या आधीपासूनचा.

नितीन (ए-101): म्हणजे मेंटेनन्स तोच सगळ्यात नियमित भरत असणार 😂

देशपांडे काका (सी-401): मुद्दा एवढाच. वन्यजीव संरक्षण कायदा 1972. दुरुस्ती 2022 ची, लागू 1 एप्रिल 2023 पासून. हिरवा पोपट अनुसूची 2 मध्ये. कलम 51 : 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

सावंत काकू (बी-302): पाटलांकडे बजरीगरची जोडी आहे, ती दिसत नाही कोणाला?

पाटील (सी-103): ते परदेशी, पिंजऱ्यातच पैदास झालेले. आम्हाला मध्ये ओढू नका. आधीच टेरेसच्या चावीवरून झालंय तेवढं पुरे.

सेक्रेटरी: चावीचा विषय इथे नको. आणि ए-101, बाईक रॅम्पवरून काढा. तिसऱ्यांदा सांगतोय.

लेले काकू (ए-304): देवघरातल्या हत्ता जोडीचं काही नाही ना? ते झाडाचं मूळ असतं.

वैशाली (बी-202): काकू, मूळ म्हणून विकतात. असतं ते नर घोरपडीचं लिंग, वाळवलेलं.

*लेले काकू (ए-304) यांनी हा मेसेज डिलीट केला*

नितीन (ए-101): 🙈 आम्ही सगळ्यांनी नमस्कार केलाय त्याला.

देशपांडे काका (सी-401): घोरपड अनुसूची 1 मध्ये. 3 ते 7 वर्षं कैद आणि किमान 25 हजार दंड. पोपटाबद्दल पुन्हा सांगतो : कलम 51, 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

नितीन (ए-101): काका, तुमच्या हॉलमधल्या सांबरशिंगाचं काय?

देशपांडे काका (सी-401): ते आजोबांचं आहे. कायद्याच्या आधीचं.

वैशाली (बी-202): आधीचं असलं तरी मालकीचं प्रमाणपत्र लागतं काका. जाहीर करायला 2003 मध्ये 180 दिवस दिले होते.

देशपांडे काका (सी-401): विषय पोपटाचा चालू आहे. कलम 51.

सावंत काकू (बी-302): एवढं आहे तर आत्ता पिंजऱ्याचं दार उघडते. जाऊ दे एकदाचा.

वैशाली (बी-202): नका हो काकू, प्लीज. त्याला दाणा शोधता येणार नाही, कावळे टोचून मारतील. 1926 वर वनविभागाला फोन करा, ते घेऊन जातात. स्वतःहून दिलात तर बरं, एवढंच माझं म्हणणं होतं.

सावंत काकू (बी-302): एवढंच होतं तर दार वाजवून सांगायचंस. ग्रुपवर कशाला?

पाटील (सी-103): हे मात्र खरं.

सेक्रेटरी: कृपया शांतता राखा. उद्या पाणी 7 ते 8 च.

देशपांडे काका (सी-401): कलम 51 चं पान स्कॅन करून टाकू का?

नितीन (ए-101): शिंगाच्या फोटोसकट टाका काका.

सावंत काकू (बी-302): फोन केला. उद्या माणूस पाठवतो म्हणाले. वैशाली, तुझी मुलगी रोज शाळेतून आली की त्याला मिरची द्यायला वर येते. तिला तूच सांग.