अ‍ॅनेक्सिन पॉझिटिव्ह म्हणजे पेशी मेलीच का?

कलिन्याची_एमएस्सी: प्रोजेक्टसाठी फ्लो सायटोमेट्री (एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन मोजायची पद्धत) करतेय. फॉस्फॅटिडिलसेरीन (पुढे पीएस) हे फॉस्फोलिपिड, म्हणजे एक स्निग्ध रेणू, पेशीपटलाच्या आतल्या पदरात असतं, पेशी मरू लागली की बाहेर येतं, असं वर्गात शिकलो. पण थ्रॉम्बिन आणि कोलॅजेन घातल्यावर माझ्या प्लेटलेट काही मिनिटांतच अ‍ॅनेक्सिन व्हीला (पीएसला चिकटणारं प्रथिन) पॉझिटिव्ह येतात. त्या मेल्या का? आणि पीएस मधला तेलकट भाग ओलांडतं तरी कसं?

ठाणेकर_बायो: आपलं आपण ओलांडायला तास, कधी दिवसही लागतात, कारण डोक्याकडचा भाग पाण्यात रमणारा. म्हणून प्रथिनं लागतात. फ्लिपेस एटीपी खर्चून पीएस आत ओढतं. स्क्रॅम्ब्लेस एटीपीशिवाय दोन्ही बाजूंना वाट करून देतं.

परळची_रक्तपेढी: अपॉप्टोसिस (पेशीचं ठरवून होणारं मरण) झाला असं लिहू नकोस गं. तुझ्या प्लेटलेट आपलं खरं काम करताहेत. आत कॅल्शियम वाढलं की टीएमईएम16एफ नावाचं स्क्रॅम्ब्लेस उघडतं, पीएस बाहेर येतं आणि त्या पृष्ठभागावर फॅक्टर 10ए आणि 5ए ही रक्त गोठवणारी प्रथिनं बसून प्रोथ्रॉम्बिनचं थ्रॉम्बिन करतात. हे प्रथिन 2010 मध्ये ओळखलं गेलं. ते बिघडलं की स्कॉट सिंड्रोम हा रक्तस्रावाचा आजार. जगात मोजकेच रुग्ण, पण मला हा आजार फार महत्त्वाचा वाटतो: प्लेटलेट काउंट नॉर्मल, ब्लीडिंग टाइम नॉर्मल, पीटी-एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या चाचण्या) नॉर्मल, तरी दात काढल्यावर किंवा बाळंतपणात रक्त थांबत नाही. पीटी-एपीटीटीत फॉस्फोलिपिड आपण बाहेरून घालतो, मग दोष दिसणार कुठून? रक्तस्रावाचा इतिहास ठाम असेल तर ‘रिपोर्ट चांगले आहेत’ म्हणून माणसाला घरी पाठवू नये, हे मी नव्या मुलांना परत परत सांगते.

मरणाची वाट निराळी. कॅस्पेस-3 हे प्रथिनं कापणारं एन्झाइम एक्सकेआर8 हे दुसरं स्क्रॅम्ब्लेस कापून चालू करतं आणि एटीपी11सी हे फ्लिपेस कापून बंद पाडतं. बाहेर आलेलं पीएस परत आत जात नाही, मॅक्रोफेज (भक्षक पेशी) ते ओळखून पेशी गिळतो. लिम्फोसाइटचं (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) मात्र जपून बघ. उत्तेजित झाल्यावर जिवंतपणीही त्या थोडा वेळ पीएस दाखवतात.

कलिन्याची_एमएस्सी: ताई, मग दोन्ही वेगळं कसं करू?

परळची_रक्तपेढी: एका नळीत आधी कॅस्पेस रोधक घाल. तरीही पीएस बाहेर आलं तर ती कॅल्शियमची वाट. लिम्फोसाइटला सोबत प्रोपिडियम आयोडाइड हा रंग लावच, पटल फाटलेल्या पेशी वेगळ्या निघतील. पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून कॅल्शियम आयनोफोर ए23187 (पेशीत कॅल्शियम शिरवणारं रसायन), निगेटिव्हला ईडीटीए (कॅल्शियम बांधून ठेवणारं). कॅल्शियमशिवाय अ‍ॅनेक्सिन चिकटतच नाही. म्हणूनच जांभळ्या झाकणाची (ईडीटीएची) नळी नको, सायट्रेटमध्ये रक्त घे, आणि व्हॉर्टेक्सवर (नळी हलवणाऱ्या यंत्रावर) ठेवू नकोस, प्लेटलेट नुसत्या हादऱ्यानेही उत्तेजित होतात.